निन्टेन्डो ६४ या कन्सोलवरचा ‘टुरॉक: डायनासोर हंटर’ (१९९७) हा व्हिडिओ गेम समीक्षकांना खरंच आवडला होता का?

हो, आवडला होता, आणि त्या कन्सोलवरच्या सुरुवातीच्या उत्तम शूटरमध्ये (गोळीबाराच्या गेममध्ये) त्याची गणना झाली. तेव्हाच्या परीक्षणांत ग्राफिक्स, डायनासोरच्या हालचाली आणि भन्नाट शस्त्रं यांचं भरभरून कौतुक आहे. नावं ठेवली गेली ती मुख्यतः दाट धुक्याला (लांबचं दृश्य कन्सोलला झेपत नसल्यानं ते झाकायला धुकं!) आणि खांबांवरून माराव्या लागणाऱ्या उड्यांना. फर्स्ट पर्सनमध्ये, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून खेळताना, स्वतःचे पायच दिसत नाहीत, त्यामुळे ही तक्रार मला अगदी रास्त वाटते. सेव्ह पॉइंट (खेळ जतन करण्याच्या जागा) दूर असल्यानं चिडचिड आणखी वाढायची. मात्र २०१५ मध्ये पीसीवर आलेल्या नाइटडाइव्ह स्टुडिओच्या रीमास्टरमध्ये (सुधारित आवृत्तीत) धुकं बरंच मागे सरकवलंय, तेव्हा त्याची परीक्षणं मूळ गेमला लावू नका.