चमचा सुटला, त्याला सहा दिवस झाले

प्रश्न : आमचे हे ७२ वर्षांचे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पेपर वाचताना डाव्या डोळ्यापुढे वरून काळा पडदा सरकल्यासारखं झालं, पाचेक मिनिटांत गेलं. नंबर वाढला असेल म्हणून चष्म्याच्या दुकानात जाऊन आले. तीन दिवसांनी मिसळ खाताना उजव्या हातातला चमचा सुटला. उचलायला गेले तर बोटं जुमानेनात, रस्सा सगळा लेंग्यावर. दहा मिनिटांत हात पूर्ववत. डॉपलरमध्ये (नसेतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी) मानेतली डावी नस ८० टक्के बंद निघाली. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात. शेजारचे काका म्हणतात, मानेला सुरी लावू नका, स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाका. मुलगा पुण्याहून सांगतो, दिवाळी होऊ द्या. हे तर रोज गोदाघाटावर फिरून येतात. काय करावं?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : ताई, पत्र हातात पडलं त्याच दिवशी तुम्हाला फोन केला होता. तेच इथे लिहितो, कारण ‘दिवाळी होऊ द्या’ हे मी दरवर्षी ऐकतो.

डोळा डावा आणि हात उजवा, म्हणून तुम्हाला ते दोन वेगळे आजार वाटले. ती एकच नस आहे. डावी कॅरॉटिड, म्हणजे मानेतली ही नस, डाव्या डोळ्याला आणि मेंदूच्या डाव्या भागाला रक्त पुरवते, आणि तो भाग उजवा हात चालवतो. आत साचलेल्या चरबीच्या थराचे कण सुटतात, वर जाऊन अडकतात. ते विरघळले म्हणून यांचा हात परत आला. पुढचा कण विरघळेलच असं नाही.

म्हणून घाई. असा झटका येऊन गेल्यावर ऑपरेशनचा सगळ्यात जास्त फायदा पहिल्या दोन आठवड्यांत होतो, पुढे तो घटत जातो. तुमच्या हिशेबाने दिवाळी म्हणजे पंधरवडा गेलाच.

काकांना आकडे सांगा. ७० टक्क्यांहून जास्त अरुंद नस आणि लक्षणं दिसलेली, अशा रुग्णांचा उत्तर अमेरिकेतला मोठा अभ्यास १९९१ साली छापून आला. नुसत्या औषधांवर असलेल्या शंभरातल्या २६ जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा लकवा झाला, ऑपरेशन केलेल्यांत ९ जणांना. ऑपरेशनमध्येही धोका असतोच. म्हणून सर्जनला न लाजता विचारा : तुमच्या हातून अशी किती झाली आणि त्यात लकवा किंवा मृत्यू किती? शंभरात सहाच्या वर असेल तर दुसरा सर्जन बघा. चांगला सर्जन या प्रश्नावर रागावत नाही.

स्टेंट वाईट नाही. पण सत्तरीपुढे स्टेंट घालताना लकव्याचा धोका ऑपरेशनपेक्षा जास्त दिसतो. हृदय फार कमजोर असेल किंवा मानेला आधी रेडिएशन दिलेलं असेल तर गोष्ट वेगळी. ऑपरेशनमध्ये मानेच्या बाजूला चीर देऊन नस उघडतात आणि आतला पिवळट थर सोलून काढतात, शेंगेचं टरफल सुटावं तसा. काही ठिकाणी तेवढाच भाग बधिर करून, रुग्णाशी बोलत बोलत करतात. नंतर जबड्याखाली बधिरपणा किंवा आवाज घोगरा राहू शकतो, बहुतेकांचा हळूहळू जातो.

(काकांनी हे वाचून स्वतःचीही डॉपलर केली आणि काही त्रास नसताना नस ६० टक्के बंद निघाली, तर त्यांनी घाबरून टेबलावर झोपू नये. लक्षणं नसलेल्यांचा हिशेब वेगळा, तिथे बऱ्याचदा औषधांवरच भागतं.)

अॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी आजपासून चुकवायची नाही, ऑपरेशननंतरही नाही. अॅस्पिरिन ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कुणी परस्पर बंद करायला सांगितली तर आधी सर्जनला विचारा. बिडी ओढत असतील तर तीही आजच बंद.

आणि तारीख मिळेपर्यंत पुन्हा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, शब्द अडखळले, तर दहा मिनिटं थांबून बघू नका. चष्म्याचं दुकान नको, डॉपलरही नको. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेल्या रुग्णालयात घेऊन जा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, म्हणून त्रास सुरू झाला ती वेळ कागदावर लिहून ठेवा. तिथे पहिला प्रश्न तोच विचारतात.