ग्लीमेला ‘कुस्ती’ म्हणावं का?

आइसलँडच्या पारंपरिक कुस्तीवर मराठीत लिहिणाऱ्या एकाने विचारलंय: ‘ग्लिमा’ लिहू की ‘ग्लीमा’? तो ग्लीमा की ती? आणि सरळ ‘कुस्ती’ किंवा ‘व्हायकिंग मार्शल आर्ट’ म्हटलं तर चुकेल का?

मूळ उच्चारात ई लांब आहे, म्हणून ग्लीमा. लिंग स्त्रीलिंगीच ठेवा. आपली कुस्ती ती, झोंबी ती, आणि आइसलँडिकमध्येही हा शब्द स्त्रीलिंगी आहे. तेव्हा ‘शाळेत’ तसं ‘ग्लीमेत’. तिकडेही विभक्ती लागली की ‘ग्लीमा’चं ‘ग्लीमू’ होतं, त्यामुळे आपण वाकवलं म्हणून शब्द काही रुसणार नाही.

आता ‘कुस्ती’. खुशाल म्हणा. खरं तर हा शब्द आपल्यापेक्षा त्यांनाच जास्त शोभतो! फारसीतल्या ‘कुश्ती’चं मूळ कमरपट्ट्यात आहे. पारशी मंडळी सुदऱ्यावरून (अंगातल्या पांढऱ्या धार्मिक सदऱ्यावरून) कमरेला जी लोकरीची कुस्ती गुंडाळतात, ती याच शब्दाची बहीण. आपल्या लाल मातीत लंगोट असतो, पट्टा नसतो. ग्लीमेत मात्र कमरेला आणि दोन्ही मांड्यांना चामडी पट्टे असतात आणि पकड तिथेच घ्यायची. हे पट्टे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे. त्याआधी विजारच धरत, म्हणून या प्रकाराचं जुनं नाव ‘विजारीची पकड’ अशाच अर्थाचं आहे. 1906 पासून अजिंक्यपदाची स्पर्धा होते (पहिली आकुरेरीला झाली). तिथे जिंकणाऱ्याला ‘ग्लीमेचा राजा’ म्हणतात आणि बक्षीसही पट्टाच, ‘ग्रेटिरचा पट्टा’ (ग्रेटिर हा तिथल्या जुन्या कथांमधला बलदंड नायक). आपल्याकडे गदा, तसं.

पण कुस्ती म्हटलं की तालमीतले सगळे शब्द आपोआप मागून येतात, तिथे जपा. ‘चीतपट’ नको. ग्लीमेत पाठ टेकवावी लागत नाही. कोपर आणि गुडघा यांच्यामधला अंगाचा कुठलाही भाग जमिनीला लागला की हरलात. ‘खडाखडी’ही नको. खडाखडी पकडीआधीची. ग्लीमेत पट्टे धरलेले असतानाच दोघं ताठ उभे राहून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पावलं टाकत फिरतात. नजर प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावरून पलीकडे, पायांकडे बघायचं नाही. लांबून पाहणाऱ्याला नाच वाटावा. याला मी ‘फेर’ म्हणेन. ‘डाव’ मात्र बेलाशक वापरा. त्यांचा डावासाठीचा शब्द ‘चव’ या अर्थानेही चालतो, ही गंमत मराठीत आणता येत नाही याचं वाईट वाटतं.

पाडलेल्याच्या अंगावर पडणं किंवा त्याला जोराने खाली दाबणं याला ‘नीध’ म्हणतात. त्याचं ‘फाउल’ करू नका. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे आइसलँडिकच्या पूर्वजभाषेत, नीध म्हणजे माणसाची अब्रू घालवणारी निंदा, कायद्याने शिक्षा होईल अशी. ‘नामर्दपणा’ जवळ जातो, पण आता मुलीही ग्लीमा खेळतात, तेव्हा ‘हलकटपणा’ बरा.

राहता राहिलं ‘व्हायकिंग मार्शल आर्ट’. ढाल-तलवारीचं जे आज शिकवतात ते जुन्या कथा आणि उत्खननात सापडलेली शस्त्रं यांवरून पुन्हा जुळवलेलं आहे. मेहनत आहे त्यात, पण ‘परंपरा’ हा शब्द मी ग्लीमेपुरता ठेवीन. तलवारीच्या त्या खेळाला ‘पुनर्रचना’ म्हणा.