भाचा अमेरिकेत हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघात ओ-लाइनवर खेळतो. एनएफएलपर्यंतचा रस्ता कसा असतो?

तुम्ही लिहिलंय की बहिणीचा मुलगा टेक्सासमध्ये दहावीत आहे, उंची सहा फूट दोन इंच, वजन १०५ किलो, आणि शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात ऑफेन्सिव्ह लाइनवर, म्हणजे ओ-लाइनवर, खेळतो. कोच म्हणतात पुढच्या ऑगस्टपर्यंत १२५ किलो हो. घरात तूप, केळी, प्रोटीन पावडर सगळं सुरू झालंय. पुढे कॉलेज, मग एनएफएल म्हणजे व्यावसायिक फुटबॉलची लीग, हा रस्ता कसा असतो, असं तुम्ही विचारलंय.

आधी बहिणीला फोन करून सांगा की वीस किलोची घाई करू नका. बाकीचं नंतर.

मी क्लीव्हलंडच्या एका उपनगरात एकोणीस वर्षं राहते. माझा मुलगा नववी ते बारावी लेफ्ट गार्ड खेळला आणि पुढे ओहायोतल्याच एका छोट्या कॉलेजात चार वर्षं. तो एनएफएलला गेला नाही. पण त्या आठ वर्षांत मी हा खेळ लाइनमनच्या बाजूने बघायला शिकले, आणि आता मला मैदानावर दुसरं काही दिसतच नाही.

हा खेळ न बघितलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा गडी, त्याच्या पुढे पाच जण असतात, हीच ओ-लाइन: मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. ते पास झेलत नाहीत, बॉल घेऊन धावतही नाहीत. समोरून चाल करून येणाऱ्याला तीन सेकंद अडवायचं, किंवा आपल्या पळणाऱ्या गड्यासाठी वाट करून द्यायची, एवढंच त्यांचं काम. किती यार्ड, किती टचडाउन याचा जो हिशेब पेपरात येतो त्यात त्यांचं नाव नसतं. त्यामुळे कॉलेजचे लोक लाइनमनला आकड्यांवरून निवडूच शकत नाहीत. ते व्हिडिओ बघतात, आणि व्हिडिओत बघतात ते पाय.

हे मला कोणा कोचने शिकवलं नाही, माझ्या बाबांनी शिकवलं. बाबा तरुणपणी सांगलीच्या तालमीत होते. मुलगा नववीत असताना ते आमच्याकडे तीन महिने राहायला आले होते आणि रोज संध्याकाळी कुंपणाबाहेर घडीची खुर्ची टाकून सराव बघत बसायचे. मैदानाच्या कोपऱ्यात लोखंडी नळ्यांचा एक ठेंगणा मांडव असतो, त्याला शूट म्हणतात. पोरांनी एक हात जमिनीला टेकून त्याखाली बसायचं, शिट्टी झाली की तसंच वाकून बाहेर पडायचं. ताठ झालं की हेल्मेट नळीवर ठणकन आपटतं. बाबांना इंग्रजी फारसं येत नव्हतं आणि खेळाचे नियम अजिबात ठाऊक नव्हते. तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "तो सडपातळ पोरगा बघ. बाकीच्यांची डोकी वाजतात, त्याचं नाही. त्याचे पाय बारीक बारीक पडतात. भिडल्यावर पाय थांबले की गडी गेला." तो मुलगा तेव्हा ८५ किलोचा होता. बारावीनंतर पहिल्या डिव्हिजनच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या स्तरावरच्या, विद्यापीठात शिष्यवृत्तीवर गेला तो आमच्या संघातला एकटाच.

आमच्या घरी दहावीत नेमकं तुमच्यासारखंच झालं. कोचने आकडा दिला आणि आम्ही तो गाठायचा चंग बांधला. दर गुरुवारी संपूर्ण ओ-लाइन कोणा ना कोणाच्या घरी जेवते, ही इथली जुनी पद्धत. आमची पाळी असली की मी चाळीस-पन्नास पुऱ्या, बटाट्याची भाजी, दोन मोठी पातेली चिकन पुलाव करायची आणि नऊ वाजेपर्यंत काही उरायचं नाही. त्या जेवणांचा मला आजही आनंद आहे. पण बाकीचे सहा दिवस मी मुलाच्या मागे लागून त्याला भरवत होते, ती माझी चूक होती. आठ महिन्यांत तेरा किलो वाढले. बहुतेक चरबीच. पाय जड झाले, आणि सप्टेंबरात गुडघ्याखालचा स्नायुबंध असा सुजला की सहा आठवडे तो बाकावर होता. डॉक्टरांनी एक्स-रे लावून दाखवला आणि म्हणाले, याची हाडं अजून वाढतायत, त्यांना वेळ द्या.

टेक्सासचा ऑगस्ट म्हणजे वेगळीच काळजी. मिनेसोटा व्हायकिंग्जचा टॅकल कोरी स्ट्रिंगर याला सराव शिबिरात उष्माघात झाला आणि १ ऑगस्ट २००१ रोजी तो गेला. वय २७. उन्हाचा सगळ्यात मोठा धोका लाइनमनलाच, कारण मोठं शरीर लवकर निवत नाही. शाळेत पूर्णवेळ अ‍ॅथलेटिक ट्रेनर, म्हणजे खेळाडूंची दुखापत आणि तब्येत बघणारा माणूस, आहे का, आणि मैदानावर बर्फाच्या पाण्याचा टब भरून ठेवतात का, हे बहिणीने स्वतः जाऊन बघावं. विचारायला संकोच नको.

आता रस्ता. मी नेहमी एनएफएलमध्ये खेळलेल्या जेसन केल्सीचं उदाहरण देते, कारण तो आमच्याच भागातला, क्लीव्हलंड हाइट्स हायस्कूलचा. शाळेत तो लाइनमन नव्हताच. रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) आणि लाइनबॅकर (बचावातला गडी) होता. मोठ्या विद्यापीठांनी शिष्यवृत्ती देऊ केली नाही, म्हणून सिनसिनाटी विद्यापीठात तो वॉक-ऑन म्हणून गेला, म्हणजे स्वतःच्या खर्चाने शिकायचं आणि संघात जागा मिळते का बघायचं. तिथे त्याला ओ-लाइनवर हलवलं. आधी गार्ड झाला, शेवटच्या वर्षी सेंटर. २०११ मध्ये एनएफएलच्या चाचणीला तो उभा राहिला तेव्हा वजन २८० पौंड, म्हणजे १२७ किलो. त्या जागेसाठी हे कमीच. पण ४० यार्ड त्याने ४.८९ सेकंदांत काढले, त्या वर्षीच्या सगळ्या ऑफेन्सिव्ह लाइनमनमध्ये सर्वांत जलद. एनएफएलचे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्याला ड्राफ्ट म्हणतात; त्यात फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला सहाव्या फेरीत, १९१ व्या क्रमांकावर घेतलं. त्यानंतर तेरा हंगाम, सात वेळा प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड, सहा वेळा ऑल-प्रोच्या, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तमांच्या, पहिल्या संघात, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे एनएफएलची अंतिम लढत, जिंकली. मार्च २०२४ मध्ये निवृत्त झाला.

नीट बघा, २३ वर्षांचा केल्सी एनएफएलच्या दारात १२७ किलोचा होता. आणि तुमच्या १६ वर्षांच्या भाच्याला पुढच्या ऑगस्टपर्यंत १२५ व्हायला सांगतायत.

उलट टोकाचं उदाहरण जॉर्डन मायलाटाचं. सिडनीचा, सामोअन आईवडिलांचा मुलगा, रग्बी लीग खेळणारा, सहा फूट आठ इंच. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळता ईगल्सने त्याला २०१८ मध्ये सातव्या फेरीत, २३३ व्या क्रमांकावर उचललं. दोन वर्षं तो नुसतं शिकत होता. २०२० मध्ये लेफ्ट टॅकलला उभा राहिला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकला. त्याचं आकारमान देवाने दिलेलं, पण एवढा मोठा माणूस असा हलतो कसा, हे बघून संघाने जोखीम घेतली.

म्हणून दहावीत करायची कामं माझ्या मते अशी. हिवाळ्यात शाळेची कुस्ती, जमलं तर वसंतात गोळाफेक. क्लीव्हलंड ब्राउन्सचा जो थॉमस, ज्याने एकही न चुकवता सलग १०,३६३ स्नॅप (सेंटरने बॉल मागे दिला की सुरू होणारी एकेक खेळी) खेळले, तो गोळा आणि थाळी फेकायचा. कंबर वळवणं, खाली राहणं, एका पायावरून दुसऱ्यावर वजन नेणं हे सगळं तिथे आपोआप येतं. वजन वर्षाला पाच-सहा किलो, व्यायामाबरोबर वाढलं तर पुरे, आणि तेही त्याच्या डॉक्टरांना विचारून. सेंटरचा स्नॅप त्याने आत्ताच शिकून ठेवावा. सहा फूट दोन इंचांचा मुलगा कॉलेजात टॅकल म्हणून सहसा लहान धरतात, गार्ड किंवा सेंटर म्हणून तीच उंची चालते. "मी टॅकलच" म्हणून अडून बसणाऱ्या मुलांचं नुकसान होताना मी पाहिलंय.

अभ्यासाकडे पालक उशिरा बघतात. पहिल्या डिव्हिजनला खेळायचं तर एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची संघटना, तिच्या यादीतले सोळा मुख्य विषय पूर्ण आणि त्यांत किमान २.३ जीपीए (चारपैकी गुणांची सरासरी) लागतो. हे नववीपासून मोजतात. अकरावीच्या शेवटी कळून उपयोग नाही. शाळेच्या समुपदेशकाकडून यादी आजच घ्या.

अकरावीच्या उन्हाळ्यात विद्यापीठांची एक-एक दिवसाची शिबिरं होतात. तिथे समोरासमोर एकाला एक भिडवतात आणि प्रशिक्षक वही घेऊन उभे असतात. लाइनमनचं खरं बघणं तिथे होतं. एखाद्याने खांद्यावर हात ठेवून "तुला घेऊ" म्हटलं तर हुरळून जाऊ नका, तोंडी ऑफर कोणावरच बंधनकारक नसते. आमच्या मुलाला अशी एक मिळाली होती. त्यांना हवा तसा टॅकल मिळाला, आणि फोन यायचे थांबले. मग तो तिसऱ्या डिव्हिजनच्या कॉलेजात गेला. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, पण खेळायला मिळतं, आणि तो रोज खेळला.

कॉलेजात लाइनमनचं पहिलं वर्ष बहुधा बाकावरच जातं. त्याला रेडशर्ट म्हणतात: सराव सगळा, सामने नाहीत किंवा मोजकेच, आणि खेळायच्या चार वर्षांतलं एकही कमी होत नाही. वजन वाढतं ते इथे, आहारतज्ज्ञ आणि ताकदीचा प्रशिक्षक रोज बरोबर असताना. म्हणून तर घरी घाई करायची नाही. हायस्कूल संपून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये नाव देता येत नाही, आणि लाइनमन बरेचदा चार-पाच वर्षं थांबतात.

ड्राफ्टच्या सात फेऱ्या असतात. २०२५ मध्ये त्यांत एकूण २५७ जण निवडले गेले, सगळ्या जागा मिळून. राहिलेल्यांना संघ थेट बोलावतात. जेसन पीटर्स २००४ मध्ये असाच कुणी न निवडलेला, तोही टाइट एंड (पास झेलणारा आणि अडवणाराही) म्हणून आला आणि पुढे आपल्या पिढीतल्या मोठ्या लेफ्ट टॅकलमध्ये गणला गेला. उन्हाळ्यात प्रत्येक संघाकडे ९० जण असतात, ऑगस्टअखेर त्यातले ५३ राहतात, आणि त्या ५३ मध्ये ओ-लाइनचे साधारण नऊ. बत्तीस संघ धरले तर देशभरात तीनशेच्या आसपास जागा झाल्या. हायस्कूलला फुटबॉल खेळणारी मुलं सुमारे दहा लाख, आणि त्यांतली शंभरात सातच्या आसपास एनसीएएच्या कुठल्याही डिव्हिजनला पोचतात. पैसा आहे: २०२५ च्या हंगामात नव्या खेळाडूला किमान ८ लाख ४० हजार डॉलर. पण तो पैसा त्या तीनशेंसाठी.

डोक्याचं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. लाइनमन जवळजवळ प्रत्येक स्नॅपला कोणावर तरी आदळतो. एकच मोठा धक्का बसून चक्कर आली तर सगळ्यांना दिसतं, ही छोटी छोटी टक्कर कोणी मोजत नाही, आणि वर्षानुवर्षं त्याचा मेंदूवर परिणाम होतो हे आता पुरेसं समोर आलंय. मुलाला डोकं दुखतंय, उजेड सहन होत नाही असं वाटलं तर त्याने लपवू नये, आणि घरच्यांनी "एवढ्याने काय होतं" म्हणू नये. माझा मुलगा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी दोन दिवस खोलीत अंधार करून पडला होता, आणि मला त्याच्या रूममेटकडून कळलं.

आज तो फिजिओथेरपी शिकतोय आणि शनिवारी एका शाळेत नववीच्या लाइनमन मुलांना पाय टाकायला शिकवतो. तुमच्या भाच्याचा व्हिडिओ पाठवलात तर तो बघून मोकळेपणाने सांगेल. दोन-तीन मिनिटं पुरेत, पण कॅमेरा मागे नेऊन पावलांपर्यंत सगळं अंग येईल असं घ्यायला सांगा. बहुतेक पालक छातीपासून वरचं शूट करून पाठवतात.