माटोळीच्या यादीत भलत्याच ओळीवर टिक

प्रश्न : मी साखळीजवळ एका हायर सेकंडरीत गणित शिकवते. मेच्या सुट्टीत व्हिडिओ बघून रिअ‍ॅक्ट (वेबपानं बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) शिकायला घेतलं. बटण दाबलं की आकडा वाढतो, इथवर जमलं. मग स्वतःचं काहीतरी करावं म्हणून चतुर्थीच्या माटोळीच्या (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या चौकटीच्या) सामानाची यादी बनवायला घेतली. वस्तू, किती हवी, आणली की नाही, एवढंच. तिथं दोन भुतं मागे लागली. नवी वस्तू घातली तर दिसत नाही, आणि दुसऱ्याच कुठल्या बटणाला हात लावला की अचानक उगवते. दुसरं म्हणजे, नारळावर टिक करून नारळाची ओळ काढून टाकली, तर ती टिक खालच्या सुपारीच्या घोसावर जाऊन बसते. सुपारी अजून आणलेलीच नसते! भाचा म्हणतो, हे सोड, व्ह्यू (तशीच दुसरी लायब्ररी) शीक. काय करू?
एक शिक्षिका, साखळी

उत्तर : बाई, तुमचा कोड मी पाहिलेला नाही, पण ही दोन्ही भुतं माझ्या ओळखीची आहेत.

पहिलं सोपं. तुम्ही जुन्या ॲरेतच (म्हणजे कोडमधल्या यादीतच) नवी वस्तू पुश करून (शेवटी ढकलून) तोच ॲरे परत देत असणार. रिअ‍ॅक्ट आतल्या वस्तू मोजत बसत नाही. हातात आलेला ॲरे आधीचाच आहे की वेगळा, एवढंच बघतं. तोच असेल तर काही बदललं नाही असं धरतं. वस्तू मात्र आत शिरलेली असते. म्हणून दुसऱ्या कारणाने स्क्रीन पुन्हा रेंडर झाली (नव्याने काढली गेली) की ती दिसते. तीन टिंबांनी (...) जुनी यादी नव्या ॲरेत उतरवा, शेवटी नवी वस्तू जोडा आणि तो नवा ॲरे द्या.

दुसरं भूत जरा खोल आहे. यादी दाखवताना प्रत्येक ओळीला ‘की’ (ओळखीची खूण) द्या, अशी तांबडी सूचना ब्राउझरच्या कन्सोलमध्ये आली असेल आणि तुम्ही ओळीचा क्रमांकच की म्हणून दिला असेल. सूचना गेली, रोग राहिला. हजेरीपटावरच्या पहिल्या मुलीने शाळा सोडली, तुम्ही बाकीच्यांचे रोल नंबर एकेकाने वर सरकवले आणि गुणपत्रिका मात्र जुन्या नंबरांप्रमाणेच वाटल्या, तर काय होईल? पहिलीचे गुण दुसरीला. तेच झालंय. टिक त्या ओळीच्या कंपोनंटच्या (स्क्रीनच्या त्या तुकड्याच्या) स्वतःच्या स्टेटमध्ये, म्हणजे त्याने लक्षात ठेवलेल्या माहितीत आहे, आणि रिअ‍ॅक्ट ते स्टेट कीवरून ओळखतं. वस्तू यादीत येतानाच तिला कायमचा आयडी द्या आणि तोच की म्हणून वापरा.

पण तेवढ्यावर थांबू नका. ‘आणली’ ही खूण मुळात ओळीकडे असायलाच नको. ती यादीतल्या त्या वस्तूबरोबर, वरच्या कंपोनंटकडे ठेवा. ओळीला प्रॉप्समधून (वरून दिलेल्या माहितीतून) दोनच गोष्टी द्या : वस्तू, आणि टिक केल्यावर बोलवायचं फंक्शन. तुम्ही गणिताच्या, म्हणून सांगतो : कंपोनंट हे फंक्शनच आहे. त्याच प्रॉप्सना आणि त्याच स्टेटला तेच चित्र यायला हवं.

वर ‘अजून ७ वस्तू बाकी’ असं दाखवावंसं वाटेलच. तो आकडा वेगळ्या स्टेटमध्ये ठेवू नका, दर वेळी यादीतून मोजा. हे मी हात पोळून शिकलो. जेक्वेरी या जुन्या लायब्ररीच्या दिवसांत कोलव्याच्या एका छोट्या गेस्ट हाऊससाठी खोल्यांचं पान केलं होतं. मोकळ्या खोल्यांचा आकडा एकीकडे, यादी दुसरीकडे, आणि दोन्ही मीच हाताने बदलायचो. एका डिसेंबरात वर ४ आणि खाली ३. चौथं कुटुंब बॅगा घेऊन दारात उभं! मालकाने त्या रात्री मला जे ऐकवलं ते मासिकात छापता येणार नाही. फेसबुकलाही असाच ताप झाला होता : न वाचलेल्या मेसेजचा आकडा दिसायचा, उघडलं तर मेसेजच नाही. २०१४ मध्ये फ्लक्स ही डेटा एकाच दिशेने वाहवायची पद्धत मांडताना त्यांच्या इंजिनिअरांनी हेच उदाहरण दिलं होतं.

कंपोनंट तीन पुरेत : ओळ, यादी, नवी वस्तू घालायची चौकट. ‘किती’ आणि ‘कशात’ मात्र वेगळं ठेवा. नारळ नगावर, कांगलां (माटोळीला बांधायची रानफळं) जुडीवर. ‘२ जुड्या’ एकाच रकान्यात लिहिलंत तर पुढे हिशेब करताना रडाल.

भाच्याला सांगा, व्ह्यू चांगलंच आहे, पण तिथेही कंपोनंट, प्रॉप्स, की हेच असतं, आणि क्रमांकाची की दिलीत तर तिथेही असंच भूत निघेल. बदलायचाच तर व्हिडिओ बदला. क्लास लिहून कंपोनंट बनवत असेल तर तो बहुधा २०१९ मध्ये हुक्स (फंक्शनमध्येच स्टेट ठेवायची सोय) येण्याआधीचा आहे. ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट ॲप’ने सुरुवात करत असेल तर तेही २०२५ मध्ये मोडीत निघालं, त्याऐवजी वीट (Vite) हे साधन वापरा.

आणि हो, पान रिफ्रेश केलं की यादी पुसली जाते, म्हणून ती लोकल स्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात) ठेवाल. ठेवा, पण ती त्या ब्राउझरपुरतीच असते. घरी लॅपटॉपवर भरलेली यादी म्हापशाच्या बाजारात फोनवर दिसणार नाही. यंदा यादी फोनवरच भरा.