कुंडीतल्या लव्हेंडर बटण गुलाबाला वास का येत नाही आणि रंग का उडतो?

तुमचा गुलाब पश्चिमेच्या बाल्कनीत आहे, फूल दोन दिवसांत पांढुरकं पडतं, नाक लावलं तरी वास नाही, आणि तुम्ही विचारताय की खत कुठलं घालू. खताचा इथे काही संबंध नाही.

आधी वासाचं. बटण गुलाबांत, म्हणजे छोट्या फुलांच्या मिनिएचर गुलाबांत, वास असणाऱ्या जाती मुळातच कमी. ज्या जातीत वास नाही तिला शेणखतात बुडवलं तरी तो येणार नाही. माझं पहिलं झाड मी नुसती ‘लव्हेंडर’ अशी चिठ्ठी वाचून, कळीवर असतानाच उचललं होतं. फुललं ते चक्क राणी कलरचं! तेव्हापासून फूल असलेलंच झाड घेतो, तेही सकाळी नऊच्या आत जाऊन, अर्धवट उमललेल्या फुलाचा वास घेऊन. दुपारपर्यंत वास उडून जातो. नावानिशी शोधायचं असेल तर ‘स्वीट चॅरिअट’ विचारून बघा. कॅलिफोर्नियातल्या राल्फ मूर यांनी १९८४च्या सुमारास आणलेली जात. छोट्या जांभळ्या फुलांचे झुबके येतात, वास भरपूर. टांगत्या कुंडीतही छान दिसते.

आता रंग. गुलाबात निळं रंगद्रव्य, म्हणजे डेल्फिनिडिन, नैसर्गिकपणे तयारच होत नाही. लाल-गुलाबी छटा देणारं सायनिडिनच पाकळीतल्या इतर द्रव्यांशी जुळून जांभळट दिसतं. कडक उन्हात ती छटा फार टिकत नाही. पहिल्या दिवशी वांगी रंगाकडे झुकणारं फूल तिसऱ्या दिवशी विटलेल्या साडीसारखं होतं. म्हणून सकाळचं पाच-सहा तास ऊन आणि दुपारी सावली. पूर्वेची जागा नसेल तर मार्च ते मे हिरवी शेडनेट लावा.

कुंडी आठ-दहा इंची पुरे. लाल माती, जुनं शेणखत, थोडं कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. पाणी बुडाशी, पानांवर नको, नाहीतर पावसाळ्यात काळे ठिपके ठरलेलेच.

पानांवर पाणी नको, या नियमाला एक अपवाद: लाल कोळी ही बारीक कीड. बटण गुलाबाचा खरा वैरी हाच, आणि तो दिसेपर्यंत अर्धी पानं गेलेली असतात. पान निस्तेज, बारीक टिपक्यांचं दिसू लागलं की खाली पांढरा कागद धरून फांदी झटका. कागदावरची धूळ चालायला लागली तर समजायचं काय ते. मग आठवडाभर एक दिवसाआड, सकाळीच, पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा. मला बहुतेक वेळा तेवढ्यावर भागलं आहे.

पाऊस ओसरला की ऑक्टोबरात छाटणी. मोठ्या गुलाबासारखं बुंध्यापर्यंत कापू नका, वरचा तिसरा हिस्सा पुरे. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत फुलं येतात. छाटलेल्या काड्या टाकू नका. चार इंची तुकडे ओलसर कोकोपीटमध्ये सावलीत खोचले की बटण गुलाब सहज मुळं धरतो. डोळा भरलेल्या कलमासारखे खुंटाचे, म्हणजे ज्या रानटी गुलाबावर कलम बांधतात त्याचे, फुटवे येण्याची भानगडही राहत नाही.

तुमची कुंडी आजच पूर्वेला हलवा. पुढचं फूल अर्धं उमललं की सकाळी आठला वास घ्या. तरी आला नाही तर ते झाड बिनवासाचंच आहे. शोभेला राहू द्या आणि दुसरं आणताना नाक सोबत न्या.