कलमाच्या जोडाखाली भुसा

प्रश्न : सफरचंदाच्या दोन कलमी झाडांच्या बुंध्याशी, जोडाच्या खाली, तांबूस भुसा पडतोय. पानंही फिकी पडली आहेत. औषध फवारू का?

उत्तर : पानांवर फवारून काही होणार नाही, अळी सालीच्या आत आहे. आधी वाकून बघा. खुंट म्हणजे जोडाखालचा, मुळांचा भाग. एम ९, एम २६, एमएम १०६ यांसारख्या जातींच्या खुंटांवर जमिनीलगत खडबडीत गाठी येतात. बाहेर न पडलेल्या मुळांचेच ते अंकुर. तिथली साल भेगाळलेली असते आणि नेमकी तिथेच पतंगाची मादी अंडी घालते. ही अळी सालीखालीच फिरते. चाकूच्या टोकानं गाठ हलकेच उकरली की सापडते.

मात्र भोक थेट लाकडात गेलं असेल, तर ती भुंगेऱ्याची अळी. ती दोन-तीन वर्षं आतच राहते. लवचिक तार भोकात सरकवून तिला टोचून मारा. तारेला ओल लागली की काम झालं समजा. साल मात्र उगाच सोलत बसू नका. किड्यापेक्षा हौशी चाकूनं मेलेली झाडं मी जास्त पाहिली आहेत.

बुंध्याला प्लास्टिकचं वेष्टण असेल, तर काढा. त्याआड किडीला आयता आडोसा मिळतो. गवतही काढा. गाठींवर मातीची भर घालता येते, पण जोड उघडाच ठेवा. तो बुजला तर वरच्या कलमालाच मुळं फुटतात आणि खुंटामुळे बुटकं राहिलेलं झाड उंच वाढू लागतं.

सालीचा अर्ध्याहून जास्त घेर पोखरला असेल, तर नवं कलमी झाड लावा.