ट्रान्सप्लांट वॉर्डची सिस्टर व्हायचंय

ताई, नमस्कार.

तुमच्या भावाची किडनी पुण्यात बदलली, वहिनींनी स्वतःची दिली. बारावी सायन्सची तुमची लेक सुट्टीत मामाकडे राहून आली ती 'मला अशाच पेशंटची नर्स व्हायचंय' म्हणतच. थेट असा कोर्स सोलापुरात आहे का आणि पोरीला संसर्ग तर होणार नाही ना, असं तुम्ही विचारलंय.

संसर्गाची भीती खरं तर उलट्या बाजूने आहे. शरीराने परकी किडनी नाकारू नये म्हणून पेशंटची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली असते. सिस्टरची साधी सर्दीही त्याला महागात पडते. सुई टोचण्याचा धोका मात्र नर्सिंगमध्ये सगळीकडेच असतो, म्हणून हिपॅटायटिस बीची लस घ्यायचीच.

बारावीनंतर ट्रान्सप्लांट नर्सिंगची वेगळी पदवी नसते. आधी नर्स व्हायचं: ४ वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग, त्याला सीईटी ही प्रवेश परीक्षा, किंवा ३ वर्षांचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, ते प्रवेशाआधी बघा. 'सहा महिन्यांत ट्रान्सप्लांट नर्स' अशी पाटी दिसली तर रिक्षा थांबवूसुद्धा नका.

तुमच्या पत्रात मला आवडली ती मोबाईलच्या अलार्मची गोष्ट. मामांच्या गोळ्यांसाठी तिने सकाळ-संध्याकाळचा अलार्म लावला होता ना? हे काम बरंचसं घड्याळाचंच आहे. टॅक्रोलिमस, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, साधारण बारा-बारा तासांनी द्यायची. या औषधाची रक्तातली पातळी बघायची असेल तर रक्त सकाळच्या गोळीआधी घ्यायचं. माझ्या ओळखीच्या एका सिस्टरने नवीन असताना गोळी आधी देऊन टाकली. रिपोर्ट बिनकामाचा ठरला. ऑपरेशननंतर तासातासाला लघवी मोजायची आणि त्या हिशेबाने सलाईन. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई नाही. रात्रपाळीला पहाटे चारलाही यात चूक चालत नाही.

नोकरीची सुरुवात आयसीयू किंवा डायलिसिसपासून करू द्या. डायलिसिस सोलापुरातही होतं, आणि किडनीचा पेशंट तिथे जसा कळतो तसा पुस्तकात कळत नाही. ट्रान्सप्लांटच्या कामासाठी पुढे पुण्या-मुंबईलाही जावं लागू शकतं, त्याची मनाची तयारी आतापासून ठेवा.

आणखी एक वाट आहे, ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरची. २०११ च्या कायदादुरुस्तीनंतर नोंदणीकृत प्रत्यारोपण रुग्णालयात हे पद सक्तीचं आहे, आणि अनुभवी नर्स प्रशिक्षण घेऊन त्यात जाऊ शकते. ब्रेनडेड, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेल्या पेशंटच्या नातेवाइकांशी अवयवदानाबद्दल बोलायचं, तेही त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी. तुमच्या घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी. तिथे या तीन भाषांचं मोल मोठं आहे, पण हे काम विशीतल्या पोरीचं नाही. आधी काही वर्षं वॉर्डात जाऊ देत.

भाऊ पुढच्या तपासणीला जाईल तेव्हा लेकीला सोबत पाठवा. तिथल्या सिस्टरला ड्युटी, पगार आणि घरी पोचायची वेळ लेकीने स्वतःच विचारावी. परत आल्यावरही हट्ट तोच असेल, तर सीईटीचा फॉर्म भरा.